सत्तेचाळीस नंबरचं तोंड

भटवाडी, घाटकोपर (पश्चिम)
१५ जानेवारी १९८४

डॉ. चंद्रप्रकाश परब,
सन्माननीय सदस्य, राष्ट्रीय कर्करोग समिती वगैरे, नवी दिल्ली यांस,

सविनय तक्रार करण्यात येते की, दशरथ निवास, खोली नंबर नऊ येथील सौ. शकू भीमराज खरात या दर रविवारी सकाळी सव्वासहा वाजता तंबाखूची पानं तव्यावर टाकतात, काळी होईपर्यंत भाजतात, हातावर चुरतात आणि आठवडाभराची मशेरी डब्यात भरून ठेवतात. खोली नऊ आणि खोली दहा यांच्यामधली भिंत छतापर्यंत जात नाही, ही बाब घरमालकांच्या निदर्शनास गेली सतरा वर्षं आणून देण्यात येत आहे. सबब सगळा धूर खोली दहात येतो. तेथील रहिवासी (वय सेहेचाळीस, विधवा, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, जोडधंदा एका साप्ताहिकात थट्टेचं सदर लिहिणे) हिला लागोपाठ अकरा शिंका येतात. गेल्या रविवारी सातव्या शिंकेला चहाचा कप सदराच्या कागदांवर लवंडला. मजकूर विनोदी होता, आता वाचवत नाही. तरी राष्ट्रीय पातळीवर दखल घ्यावी, ही विनंती.

चंदू, मीच आहे. ताई. दीड वर्षानं लिहितेय म्हणून अर्जाची भाषा आधाराला घेतली.

काल शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलावर पेपर होता. पान पाच, तुझा फोटो. केस बरेच गेले रे. बातमी अशी की कॅन्सरसाठी देशानं आधी काय करायचं आणि मग काय, याची आठ कलमांची यादी तुमची समिती करतेय, आणि सहा एप्रिलला तिच्यावर शिक्का बसणार. पहिलं कलम, मोठ्या शहरांत किरणांची नवी यंत्रं. आठवं कलम, ‘जनजागृती व तोंडाची तपासणी, निधी उपलब्ध असल्यास’. लग्नात उरलं तर वाजंत्र्यांना जेवायला घालतात तसं.

आणि खाली तुझं वाक्य: ‘मुंबईच्या पूर्व उपनगरात १९८० साली झालेल्या पाहणीनुसार स्त्रियांमध्ये तंबाखूचं सेवन नगण्य आहे. त्यामुळे तोंडाच्या तपासणीसाठी या टप्प्यावर त्यांचा विचार आवश्यक नाही.’

ती नगण्य बाई माझ्या शेजारी राहते आणि तिच्यामुळे मला अकरा शिंका येतात.

चंदू, मशेरी म्हणजे तंबाखूच ना रे? भाजली म्हणून तिचं काही वेगळं होतं का? तू डॉक्टर आहेस, तू सांग. आणि ते वाक्य काढ.

तुझी (अजून कागदोपत्री) बहीण,
नलिनी


२८ जानेवारी १९८४

चि. चंदू,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे तुझ्या पी.ए.चं. ‘आपले दि. १५ चे पत्र मिळाले. त्यातील आशयाची नोंद घेण्यात आली आहे.’ माझ्या शिंकांची दिल्लीत नोंद झाली, ऊर भरून आला. पण खाली कोपऱ्यात निळ्या शाईत तुझ्या हातचे दोन शब्द होते: ‘पुरावा काय?’

रागावलास की तुझं अक्षर उजवीकडे कलतं. चौथीपासून. कललेलं होतं.

राग बरोबर आहे. आईच्या बाराव्याला सगळ्या भावकीसमोर मी म्हटलं, ‘देशाची तोंडं तपासतोस, आईच्या तोंडात बघायला तुला सवड नव्हती.’ तेवढ्यावर थांबले नाही, पुढच्या आठवड्यात त्याच्यावर सदर लिहिलं. नाव बदललं होतं, पण आपल्या माणसांत कुणाला कळायचं राहिलं? वाचकांची पत्रं आली. फार हसलो, म्हणाले. त्याविषयी पुन्हा कधी.

आता पुरावा. तुझ्या त्या पाहणीत तंबाखूचा प्रश्न कसा होता, ते मला पाठ आहे: ‘आपण विडी, सिगारेट, तपकीर, पान-तंबाखू यांपैकी काही घेता का?’ तोच प्रश्न मी काल मालनवहिनीला विचारला. समोरच्या खोलीतली मालन सावंत, मूळची मालवणची. नवऱ्याची गिरणी संपात गेली, आता ही पापड लाटून घर चालवते. मशेरीचं बोट तोंडातच होतं.

‘तंबाखू खाता का हो वहिनी?’

‘अगो बाय माझे! मी? आमच्यात बायलमाणसां तंबाखू खाणत नाय.’

‘आणि हे तोंडात काय आहे?’

‘ही मशेरी. दात नको घासूक?’

‘दिवसातून किती वेळा घासता?’

‘चार. पाच. डोक्या चढला काय सहा.’

खोटं बोलत नाही रे ती. मालनवहिनी एकादशीला चहासुद्धा घेत नाही, ती खोटं कशाला बोलेल? तिच्या लेखी तंबाखू बाप्ये खातात. मशेरी म्हणजे दात घासणं. जगातल्या कुठल्याही कोर्टात ती शपथेवर ‘नाही’ म्हणेल आणि घरी येऊन बोट काळं करेल.

आमच्या दवाखान्यातली नर्स सुलक्षणा माझी जुनी विद्यार्थिनी. पाढ्यांत कच्ची होती, माणसांत पक्की निघाली. तिनं मला तोंडात काय बघायचं ते शिकवलं: पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम. त्याला यंत्र लागत नाही. एक बॅटरी, एक चमचा आणि उघडं तोंड, बस.

चमचा घरचा. बॅटरी शकूच्या नवऱ्याची. भीमराजभाऊ विक्रोळीच्या एका कारखान्यात रातपाळीचे वॉचमन. दिवसा ते झोपतात आणि बॅटरी दाराजवळच्या खिळ्याला लटकते. दिवसापुरती मागून घेतली. तिसरी गोष्ट मिळणं कठीण. शकूला म्हटलं, आ कर. तर म्हणते, ‘नलूताई, दात बघून घ्यायला मी काय बाजारातली म्हस हाय? आधी तुमचं लिवणं बघा. लोकांची तोंडं कशाला बघताय?’

ही बाई माझं सदर वाचत नाही, तरी परीक्षण अचूक करते.

ताई


६ फेब्रुवारी १९८४

चि. चंदू,

पुरावा घे.

काल मालनवहिनीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाडीतल्या बायका लोटल्या. मला अर्थातच बोलावणं नव्हतं, आणि शकूकडे हळदीकुंकू पाळत नाहीत, बुद्धवंदना असते. तेव्हा आम्ही दोघी बाहेर. दशरथ निवासात एखादं शुभकार्य असलं की गॅलरीत बसायला मला हक्काची सोबत असते.

मी मालनला म्हटलं, ‘वहिनी, वाण काय लुटताय?’

‘पिलाष्टिकचे डबे.’

‘मग असं करा. हळदीकुंकू आत, तिळगूळ आत, डबा बाहेर. माझ्या स्टुलाजवळ. तोंड दाखवील तिला डबा.’

वहिनीनं डोळे मोठे केले. मग म्हणाली, ‘तुझी आवस गेली ना गो त्या दुखण्यान?’ आणि डब्यांची चळत उचलून स्वतः बाहेर आणून ठेवली.

तर चंदू, असं दृश्य मनात आण. कपाळाला हळद, हातात तिळगूळ आणि समोर स्टुलावर बसलेली पांढऱ्या कपाळाची मास्तरीण. शकू वही घेऊन शेजारी. आधी तुझा प्रश्न जसाच्या तसा. एकतीस बायका, एकतीस वेळा ‘नाही’. मग माझा प्रश्न: ‘मशेरी?’ तेवीस वेळा ‘हो, मग!’ असं, की जणू मी अंघोळ करता का म्हणून विचारलं. मग ‘आ’. एक म्हणाली, ‘बाई, शाळेत तोंड बंद करा म्हणायच्यात, आता उघडा म्हणता!’ माझीच विद्यार्थिनी, सातवी ब. तिची सासू मागून, ‘उघड उघड, घरात तर मिटतच नाही!’ इतकं हसू उसळलं की तीन तोंडं न सांगता बघून झाली.

तेविसांपैकी चौघींच्या तोंडात चट्टे. मी त्यांना काही सांगितलं नाही, फक्त सोमवारी सुलक्षणाकडे जा म्हटलं.

सगळ्या गेल्यावर एक डबा उरला. शकूनं तो हातात घेतला, झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. म्हणाली, ‘झाकण बरं बसतंय.’ मग स्टुलासमोर उकिडवी बसली आणि तिनं तोंड उघडलं.

डाव्या गालाच्या आत, जिथं बोट फिरतं त्याच जागी, रुपयाएवढा पांढरा चट्टा. कडेला लालसर. चमच्यानं हलकेच पुसून बघितलं. गेला नाही.

आईचा तिथंच होता. डावीकडे.

मी बॅटरी विझवली. शकू म्हणाली, ‘काय वो, नलूताई? तोंड का पडलं तुमचं? माझं बघताय ना!’

ताई


२१ फेब्रुवारी १९८४

चि. चंदू,

तुझं पोस्टकार्ड पोस्टमननं आधी वाचलं, मग मी. आता सगळ्या वाडीला माहीत आहे की एकतीस बायका म्हणजे पाहणी नव्हे, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांवरून देशाचा क्रम ठरत नाही, आणि ‘सदरासाठी विषय हवा असेल तर तो दुसरीकडे शोध’. शेवटची ओळ तू दोनदा गिरवलीस. वर कडेला बारीक अक्षरात आणखी एक: ‘भटवाडीचे फॉर्म तूच भरले होतेस, आठवतं ना?’

आठवतं. त्याचं नंतर बोलू.

आधी शकूचं. सुलक्षणानं चिठ्ठी दिली, मोठ्या हॉस्पिटलात जाऊन तुकडा काढून तपासून घ्या म्हणून. शकूनं चिठ्ठी बाबासाहेबांच्या फोटोमागे खोचली आणि विषय संपवला. मी रोज विचारते, ती रोज नवं कारण देते. पाहुणे आलेत. पाणी आलं नाही. मंगळवारी तिकडं गर्दी असते. गुरुवारी भीती वाटते. हे शेवटचं खरं होतं, म्हणून ती लगेच ओरडली, ‘आन तुमी कोण माझ्या सासूबाई?’

भिंत छतापर्यंत जात नाही, हे लिहिलंच आहे. परवा दुपारी भीमराजभाऊ उठले तेव्हा पलीकडचं सगळं ऐकू आलं.

‘तुकडा काढला की वाढतं म्हणत्यात.’

‘कोण म्हणतं?’

‘नळावर म्हणत्यात.’

‘नळावरच्या बायका डॉक्टर झाल्या का? ऐक. मी राती बारा एकर कंपाउंडला फिरतो. कुलूप तुटलेलं दिसलं तर बघायचं न्हाई, आन बघितलं न्हाई म्हंजी तुटलं न्हाई, आसं म्हनून चालंल का? नोकरी जाईल.’

‘म्हंजी मी कुलूप?’

‘तू कंपनी हायेस बाये माझी. उद्या जायचं.’

चंदू, तुमच्या समितीत आरोग्यशिक्षण कोण लिहितं ठाऊक नाही. लिहिणारा सापडत नसेल तर सांग. रातपाळीला असतो, पण दुपारी मोकळा आहे.

काल मी शकूबरोबर गेले. तुकडा काढला. निकाल पंधरा दिवसांनी. येताना ती एकच बोलली: ‘तुमच्या आईचं आधी कळलं असतं तर?’

मी म्हटलं, बस आली.

ताई


५ मार्च १९८४

चंदू,

नंतर बोलू म्हटलं होतं. आता बोलते, आणि आज थट्टेचं काही सुचत नाही, तेव्हा सांभाळून घे.

१९८०च्या दिवाळीनंतर तू शिक्षकांना त्या कामाला लावलंस. भटवाडीची दोनशे बारा घरं माझ्या वाट्याला, घरातल्या एका बाईचा एक फॉर्म. तुझा नियम असा की तंबाखूला ‘हो’ आलं तर फॉर्मची मागची बाजू भरायची, एकोणीस प्रश्न. आणि ज्याच्या फॉर्मवर ‘हो’, त्याला तोंड तपासायच्या शिबिराची चिठ्ठी द्यायची. ‘नाही’ आलं की पुढचं घर.

सत्तेचाळीस नंबरचं घर आपलं होतं. खोली दहा. मी दमून आले होते, तेव्हा म्हटलं आईचा फॉर्म बसल्याबसल्या उरकू. तुझा प्रश्न वाचला. आई मोरीपाशी बसली होती, बोट तोंडात. म्हणाली, ‘नाय गो.’ मग थोड्या वेळानं तिनंच विचारलं, ‘मशेरी लायतंय तां लिवचा नाय?’

तिनं विचारलं, चंदू. दोनशे बारा घरांत ती एकटीच, जिनं विचारलं. न शिकलेली बाई, पण तुझ्या फॉर्ममधली चूक तिला पहिल्यांदा दिसली.

मी कच्च्या वहीत ‘हो’ लिहिलं. मग एकोणीस प्रश्न डोळ्यांसमोर आले. दुसऱ्या दिवशी सदर द्यायचं होतं. आणि खरं सांगायचं तर ते सदर त्या पाहणीवरच होतं, लोक कशी वेडीवाकडी उत्तरं देतात त्याच्यावर, आणि मला त्यातला शेवटचा विनोद अजून सापडला नव्हता. मी म्हटलं, ‘आई, ते दात घासणं झालं. ते फॉर्मात नाही.’ आणि ‘हो’ खोडून ‘नाही’ केलं.

आईला चिठ्ठी मिळाली नाही. शिबिर झालं जानेवारीत, आपल्याच शाळेत, माझ्याच वर्गात. माझ्या फळ्यासमोर लोक आ करून उभे होते. आई त्या दिवशी शाळेत आली होती, मला डबा द्यायला.

पुढचं तुला माहीत आहे. त्याच वर्षी पावसाळ्यात गाल सुजला तेव्हा उशीर झाला होता. हॉस्पिटलच्या कागदावर ‘तंबाखूची सवय’ या रकान्यात तू स्वतः ‘नाही’ लिहिलंस, पाहणीतून घेऊन. म्हणालास, ‘ताई, आई तर तंबाखू खात नव्हती, मग हे कुठून आलं?’ मी शेजारी उभी होते. गप्प राहिले. आणि तिच्या बाराव्याला तुझ्यावर ओरडले, कारण कुणावर तरी ओरडायचंच होतं आणि मी माझ्यावर ओरडू शकत नव्हते.

तूही त्याच घरात वाढलास. तुझ्या फॉर्मात विड्या होत्या, सिगारेट होती, तपकीर होती. लहानपणी आईची मशेरीची डबी शोधून देणारा तू, ती तुला आठवली नाही. ते तुझं तू बघ. माझं मी लिहिलं.

आणखी एक. शेवटचे चाळीस दिवस. तू चिठ्ठीवर गोळी लिहून गेलास, अफूपासून केलेली, दुखणं थांबवणारी. मी घाटकोपर, मुलुंड, दादर, सगळी दुकानं फिरले. कुणी म्हणे परवाना नाही, कुणी म्हणे ठेवत नाही. एकानं मला विचारलं, ‘कशाला हवी?’ आई रात्री उशी तोंडात धरायची, शेजारी ऐकतील म्हणून. भिंत छतापर्यंत जात नाही, हे तिलाही माहीत होतं. तुझ्या आठ कलमांत ती गोळी कुठंच नाही.

आता ठरवलंय ते ऐक. तीच दोनशे बारा घरं, तेच नंबर, तोच फॉर्म, फक्त एक ओळ जास्त: मशेरी. मी, सुलक्षणा, आमच्या शाळेतल्या दोन शिक्षिका आणि शकू. रोज शाळा सुटल्यावर. तुला आकडे हवेत ना? देते. वय, किती वर्षं, दिवसातून किती वेळा, चट्टा कुठं. एकोणीसच्या एकोणीस प्रश्न भरीन. कुठल्याही सदराची घाई नाही, सदर मी महिनाभर बंद ठेवलंय. संपादक म्हणाले, वाचक विचारतील. म्हटलं, विचारू देत, त्यांना सांगा मास्तरीण गृहपाठ करतेय.

ताई


२४ मार्च १९८४

चि. चंदू,

रजिस्टर पार्सल पाठवलंय. पावती माझ्याकडे आहे, तेव्हा मिळालं नाही असं पी.ए.कडून लिहवू नकोस.

दोनशे बारापैकी एकोणीस घरं गाव सोडून गेलीत. एका घरातली बाई आता नाही, ती कोण ते तुला माहीत आहे. उरल्या एकशे ब्याण्णव. १९८० साली मी त्यांतल्या सहा जणींना ‘हो’ लिहिलं होतं. आज एकशे अठरा ‘हो’. बायका त्याच आहेत. तुझा प्रश्न बदलला आणि माझा आळस गेला. एकवीस जणींच्या तोंडात काही ना काही आहे, सुलक्षणानं प्रत्येकीचं पुन्हा बघितलंय. दोघींचं बरंच पुढं गेलंय. त्यांतली एक, दामले आळीच्या कोपऱ्यावर भाजी विकणारी मीरा, माझ्या यादीत तेव्हा एकशे तीन नंबरला होती. ‘नाही’.

चट्टा सापडल्यावर तिला ते सांगायला एकशे तीन नंबरच्या दारात मी आठवडाभर जाऊ शकले नाही. मग शकू म्हणाली, ‘चला वो, तुमचं रडणं घेऊन तिचं काय भागणार हाय?’ तेव्हा गेले. तिचे उपचार सोमवारी सुरू झाले.

शकूचा निकाल आला. अजून कॅन्सर नाही. मशेरी सोडायची आणि दर दोन महिन्यांनी दाखवायचं. तिनं डबा नळाच्या मोरीत उपडा केला, आणि मग दोन दिवस तिच्या घरातल्या एकाही भांड्याला सुख मिळालं नाही. आदळआपट. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘डोकं फुटतंय. काय तरी काम द्या.’ तेव्हापासून निम्मे फॉर्म तिनं भरलेत. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, बघशील.

आता क्रम. तू तिकडे शहाण्या माणसांत बसणार, म्हणून मी माझा क्रम लिहून देते. आधी बॅटरी आणि चमचा, प्रत्येक दवाखान्यात, आणि बघायला शिकवलेली एक सुलक्षणा. फॉर्मात मशेरीचं नाव, आणि इतर प्रांतांत तिला जे म्हणत असतील तेही, तिथल्या बायकांना विचारून. मग ती दुखण्याची गोळी, परवान्यासकट. मग यंत्रं. यंत्रं नकोत म्हणत नाही मी. मीरा आज त्या यंत्राखालीच झोपतेय. पण शकूला त्याची गरज पडली नाही, आणि तिला बघायला दोन सेल पुरले. हे वाक्य हवं तर तुझ्या नावावर म्हण.

पार्सलात सगळ्यात वर कच्च्या वहीचं एक पान आहे, सत्तेचाळीस नंबरचं. ‘हो’ खोडलेलं दिसतं. तेही दाखव. माझं नाव खोडू नकोस.

ताई


१४ एप्रिल १९८४

प्रिय चंदू,

तुझं नऊ पानी पत्र मिळालं. हातचं, आणि अक्षर सरळ.

चौथा क्रमांक. म्हणजे आठवरून चार, ‘निधी उपलब्ध असल्यास’ काढून, आणि खाली बायकांसकट मशेरीचं नाव. दुखण्याची गोळी सातवी. तू लिहिलंस, ‘ताई, एवढंच जमलं.’ माफी कसली मागतोस? भटवाडीतला नळ चार इमारती वर सरकवायला आम्हाला अकरा वर्षं लागली, आणि तू देशाची यादी दोन महिन्यांत हलवलीस. पण सातव्याबद्दल मी गप्प बसणार नाही. पुढची बैठक कधी ते कळव. औषधाच्या दुकानांची यादी करायला घेतलीय, घाटकोपर ते मुलुंड. या वेळी कुणी ‘कशाला हवी’ विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे.

तू लिहिलंस की बैठकीत एकानं विचारलं, पहिल्या पाहणीत हे का आलं नाही, आणि तू सत्तेचाळीस नंबरचं पान पुढं सरकवून म्हणालास, ‘ही माझी आई. ‘नाही’ माझ्या बहिणीनं लिहिलंय आणि प्रश्न मी.’ मी ते शकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मोठा झाला वो तुमचा भाऊ.’ मग म्हणाली, ‘येवढा शिकून शेवटी खरं बोलायला आईच लागली.’

मे महिन्यात येतोस म्हणतोस. ये. आंब्याच्या पेट्या आणू नकोस, दिल्लीहून कसले आंबे आणतोस? घरी ये म्हणजे झालं. जागा तीच, भिंत तीच. आल्याबरोबर तोंड उघडायचं आहे. माझंही तोंड तू बघ. तुझी सिगारेट सुटलेली नाही, तुझ्या पत्राच्या कागदालाच वास आहे.

सदर पुढच्या आठवड्यापासून सुरू करतेय. पहिल्या लेखाचा विषय ठरला आहे: एका मास्तरणीची गोष्ट, जी सगळ्यांचे पेपर तपासायची. या वेळी नाव बदलणार नाही.

रविवारी सकाळी आता शिंका येत नाहीत. सव्वासहाला जाग येते, धूर नसतो, आणि पलीकडून शकूचं चहाचं भांडं ऐकू येतं. मग ती भिंतीवरून विचारते, ‘नलूताई, घेणार का?’ मी घेते.

काल एक गोष्ट कळली. भीमराजभाऊ मार्चमध्ये तीन रात्री कारखान्याच्या मागच्या बाजूला अंधारात चाचपडत फिरले, म्हणे. बॅटरीतले सेल संपलेले होते. दोनशे बारा घरांच्या तोंडांत संपले. त्यांनी एका शब्दानं सांगितलं नाही, शकूनं सांगितलं, तेही ‘मी सांगितलं म्हनू नका’ म्हणून.

आज दुपारी ते झोपले असताना मी दोन नवे सेल आणले. बॅटरी पुसली, चमच्याशेजारी ठेवून ठेवून तिच्या काचेला लागलेला हळदीचा डाग नखानं काढला, सेल घातले, एकदा हातावर पेटवून बघितली. मग त्यांच्या दाराजवळच्या खिळ्याला होती तशी लटकवून आले.

तुझी,
ताई